बुलावायो येथील तिकीटचलन

बोअर युद्धाच्या काळात, इ. स. १९०० मध्ये, ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) बुलावायो येथे खुर्द्याची टंचाई पडली. तेव्हा ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीची टपालतिकिटे लहान पुठ्ठ्यांवर चिकटवून व्यवहारात आणण्यात आली. पुठ्ठ्यावर प्रशासकाच्या कचेरीचा शिक्का, ह्यू मार्शल होल यांची सही आणि तिकिटावरील किमतीइतकी रक्कम १ ऑगस्टपासून रोख देण्याविषयीचा मजकूर असे. तिकिटाने केवळ रक्कम सांगितली. तिला चलनाचे रूप आले ते या मजकुराने. म्हणूनच संग्राहकाने पुठ्ठ्यावरून तिकीट सोडविल्यास त्याच्या हाती एक वापरलेले तिकीट तेवढे उरते. नाण्याची उणीव शब्दाने कशी भरून काढली, याचा पुरावा मात्र कायमचा नाहीसा होतो.