दीड व्होल्टमधला आरसा

आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओच आठवतो. ही हकिकत मात्र रेडिओच्या पोटातल्या खऱ्या ट्रान्झिस्टरची, त्यातही त्याच्या एका जोडीची. इंजिनिअर मंडळी या जोडीला 'करंट मिरर' म्हणतात, म्हणजे विजेच्या प्रवाहाचा आरसा. मी पडलो कवी. आरसा शब्द दिसला म्हणून थबकलो.

१९६०नंतर अमेरिकेत सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर सबंध सर्किट घडू लागले. फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर नावाचा तऱ्हेवाईक तरुण होता. (पुढे दुसऱ्या कंपनीने हिरवळ कापणे थांबवले, तेव्हा या गृहस्थाने अंगणात मेंढी आणून बांधली!) त्याने हेरले की चिपवर नेमक्या मापाचा रोधक बनवणे खर्चिक आणि बेभरवशाचे; पण शेजारी घडवलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे निघतात. दोघांना एकच दाब द्या, एकातून जितका प्रवाह तितकाच दुसऱ्यातून. जुळेपण मात्र अस्सल हवे. दाबात अवघा १८ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी प्रवाह दुप्पट होतो. एक भाऊ तापला आणि दुसरा थंड राहिला, तर आरसा खोटे बोलू लागतो. आरशाच्या एका पायात छोटा रोधक घालून प्रतिबिंब हवे तेवढे लहान करण्याची युक्तीही विडलरचीच.

तरी थोडी खोट राहतेच. दोघांना चालू ठेवणारा किंचित प्रवाह मूळ प्रवाहातूनच जातो, साधारण शंभरात दोन. १९६७मध्ये टेकट्रॉनिक्स कंपनीतल्या जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांची चुरस लागली: एका रात्रीत, फक्त तीन ट्रान्झिस्टरमध्ये, याहून चांगला आरसा कोण काढतो? विल्सन जिंकला. खोट जवळजवळ पुसली गेली.

पण तिची किंमत दाबात मोजावी लागली. साध्या आरशाला प्रवाह घेताना सुमारे ०.७ व्होल्ट पुरतात. विल्सनच्या आरशात दोन ट्रान्झिस्टर एकावर एक उभे, म्हणून १.४ लागतात. चार सेलच्या यंत्रात हे खपून जाते. एकाच सेलवर चालणाऱ्या यंत्राचे काय? नवा सेल दीड व्होल्टचा, उतरत आला की जेमतेम सव्वा. तिथे बिनखोट आरसा मुका होतो आणि जुना, थोडा खोटा आरसा चालू राहतो.

विडलर तेव्हा मेक्सिकोत राहून नॅशनल सेमिकंडक्टरसाठी काम करत होता. तिथून त्याने एलएम१० हा अ‍ॅम्प्लिफायर रचला आणि १९७८मध्ये कमी दाबाच्या या युक्त्यांवर लेख लिहिला. एलएम१० फक्त १.१ व्होल्टवर चालतो, उतरत्या एकट्या सेलवरसुद्धा.