कुरटे बेटाचे खडक

ग्वारीघाटावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे नर्मदेचे पाणी पश्चिमेची वाट धरताना दिसते, आणि हे पाणी अखेर आपल्याच समुद्राला मिळणार, असा विचार परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात सहज येतो. रजा प्रवास सवलतीवर गावी जाणारी जबलपूरची मराठी मंडळी अलीकडे मालवणला आवर्जून थांबतात. परतल्यावर मुले सांगतात ती तारकर्लीच्या वाळूची आणि तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहिलेल्या रंगीत माशांची हकीकत. ‘किल्लाही पाहिला’ हे वाक्य शेवटी येते. वस्तुतः किल्ल्याचा व माशांचा इतिहास निराळा नाही. तो एकाच खडकांचा इतिहास आहे.

इ. स. १६६४ च्या आरंभी शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेस गोव्याचे पोर्तुगीज. आरमारास हक्काचे ठाणे हवे होते. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती पाण्याखाली लपलेले खडक इतके की, वाट ठाऊक नसलेले जहाज तटापर्यंत पोचणेच कठीण. जवळजवळ ३ किलोमीटरांचा तट ही दुर्गाची दुसरी भिंत होय. पहिली भिंत निसर्गानेच बांधून ठेवली होती. आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्यामुळे वेढ्याचेही भय कमी.

इ. स. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. परंतु ठेवावा तर उत्पन्न नाही, आणि पाडावा तर तट जुमानत नाही, अशी त्यांची अडचण झाली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तो कोल्हापूरकरांस परत केला. पुढे १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले, आणि तोफा थंडावल्यावर त्या खडकांचे लष्करी महत्त्वही संपले.

राहिले ते त्यांचे जुने रहिवासी, म्हणजे प्रवाळ आणि मासे. त्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असून सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर त्यात येतो. हेतू निःसंशय चांगला होता. प्रवाळ हा दगडासारखा दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्याची वाढ अत्यंत मंद, आणि एका नांगराच्या ओढीने वा एका पायाच्या दाबाने कित्येक वर्षांचे काम मोडते. तथापि मच्छीमारांनी या घोषणेस विरोध केला, कारण त्यांचे पोट याच पाण्यावर होते.

प्रस्तुत लेखक गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन तेथे गेला असता वयस्क नावाड्याने विचारले, “साहेब, तुम्ही सरकारात आहात. कागदावर रेघ मारली, तेव्हा आम्हांला कोणी विचारलं होतं का?” आयुष्य कागदावर घालविणाऱ्या माणसास या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

उत्तर मात्र आपल्याच इतिहासात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याविषयी आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये; एखादे जीर्ण झाड घेणेच झाले, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याच्या संरक्षणाची निकड असतानाही ज्यांच्या अंगणातून वस्तू घ्यावयाची त्यांची संमती आवश्यक मानणारे हे राज्य होते.

आज मालवणचे कितीतरी नावाडी पर्यटकांना हेच खडक दाखवून चरितार्थ चालवितात. खडक टिकले तर आपलेही टिकेल, हे त्यांना अधिसूचनेवाचून कळते. नांगर कोठे टाकू नये, हेही त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. म्हणून मालवणला जाल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि नावाड्याचे म्हणणे ऐकून घ्या. किल्ला बांधणाऱ्यांनी या खडकांवर विश्वास टाकला होता. आता विश्वास टाकावयाचा आहे तो त्या खडकांशेजारी राहणाऱ्या माणसांवर.