व्हेरिलेटर

व्हेरिलेटर ही व्हेरिलॉग व सिस्टिमव्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णन भाषांमधील संहितेचे सी++ किंवा सिस्टिमसी संहितेत रूपांतर करणारी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. ती कमांड लाइनवरून चालवली जाते. इलेक्ट्रॉनिक चिप प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी तिच्या आराखड्याची चाचणी संगणकावर घेणे, हा तिचा मुख्य उपयोग होय.

इतिहास

१९९४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत पॉल वॉसन यांनी व्हेरिलेटरची कल्पना मांडली. व्हेरिलॉगपासून मिळालेली सी संहिता अल्फा प्रोसेसरच्या सी भाषेतील प्रतिमानाशी जोडणे, हा मूळ हेतू होता. १९९८ मध्ये स्रोत संहिता खुली झाली. २००१ पासून विल्सन स्नायडर यांनी विकासाची धुरा घेतली आणि पुढील वर्षी संपूर्ण आज्ञावली सी++ मध्ये नव्याने लिहिली. २०१९ मध्ये हा प्रकल्प चिप्स अलायन्समध्ये सामील झाला.

कार्यपद्धती

व्हेरिलेटर स्वतः सिम्युलेशन करत नाही. तो सिम्युलेशन करणारी संहिता लिहून देतो. उदाहरणार्थ, 'काउंटर' नावाचे मॉड्यूल असलेली फाइल 'सीसी' या पर्यायासह दिल्यास 'व्हीकाउंटर' नावाचा सी++ क्लास आणि सोबत मेकफाइल तयार होते. मुख्य फंक्शन बहुधा वापरकर्ताच लिहितो. त्यात क्लॉकचे मूल्य ० करून 'इव्हॅल' हे फंक्शन बोलवायचे, मग ते १ करून पुन्हा बोलवायचे. 'इव्हॅल' बोलवेपर्यंत परिपथात काहीच हलत नाही. क्लॉकच्या प्रत्येक चक्रात कोणती गणना कोणत्या क्रमाने करायची हे बहुतांशी रूपांतराच्या वेळीच ठरलेले असते. शिवाय तयार संहितेवर सी++ कंपायलरचे संस्करणही होते. व्हेरिलेटरचा वेग यातूनच येतो. २०२२ मधील पाचव्या आवृत्तीपासून विलंबदर्शक विधानांनाही आधार मिळाला.

'लिंट-ओन्ली' पर्यायाने रूपांतर न करता केवळ दोष तपासता येतात. बिटांच्या रुंदीतील विसंगती किंवा नकळत निर्माण झालेला लॅच यांबाबत इशारा मिळतो. असे इशारे दुर्लक्षित करण्याची सूचना दिलेली नसेल, तर रूपांतर तेथेच थांबते. नवशिक्यांना हे जाचक वाटले तरी ते उपकारकच आहे.

अज्ञात मूल्यांचा प्रश्न

व्हेरिलॉगमध्ये बिटाला ० आणि १ शिवाय 'एक्स' म्हणजे अज्ञात आणि 'झेड' म्हणजे विलग अशी मूल्येही असतात. व्हेरिलेटर मात्र प्रामुख्याने ० आणि १ एवढीच मूल्ये हाताळतो. एखाद्या रजिस्टरला रीसेट देण्याचे राहून गेले, तर चार मूल्यांच्या सिम्युलेटरमध्ये 'एक्स' पुढे पसरत जाऊन चूक बहुधा उघड होते. व्हेरिलेटरमध्ये वेगळी सूचना नसल्यास असे रजिस्टर सहसा शून्याने सुरू होते आणि चाचणी बिनबोभाट उत्तीर्ण होते. प्रत्यक्ष चिपमध्ये वीज सुरू होताना त्याच रजिस्टरमध्ये १ असू शकतो, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आरंभिक मूल्ये यादृच्छिक ठेवून तीच चाचणी वेगवेगळ्या बीजांनी अनेकदा चालवतात. निकाल बदलला, तर रीसेटमध्ये त्रुटी असल्याचा संशय घेता येतो.

वापर

रॉकेट चिप, ओपनटायटन तसेच आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर या प्रकल्पांत व्हेरिलेटर वापरला जातो. तो एलजीपीएल व आर्टिस्टिक या परवान्यांखाली उपलब्ध आहे.