बाटलीवर विष, बोलण्यात औषध



"औषध घेतलं का?" दवाखान्यातला साधा प्रश्न. पण लोहाऱ्यात काय किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात काय, शेतमजुराच्या घरी औषधं दोन असतात. एक गोळ्यांच्या पाकिटातलं, दुसरं पाठीवरच्या पंपातलं. आणि "त्यानं औषध घेतलं" असं कोणी दबक्या आवाजात सांगितलं, तर त्यानं विष प्यायलं असं समजायचं. परराज्यातून आलेल्या निवासी डॉक्टरला हे कोण सांगणार?

याला आपल्या लोकांचं अडाणीपण म्हणू नका. हा शब्द वरून आला आहे. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम यांनुसार जहाल द्रव्याच्या डब्यावर लाल त्रिकोण, कवटी आणि 'विष' ही सूचना छापावीच लागते. दुकानाच्या पाटीवर मात्र 'बियाणे, खते, औषधे'! सूचना बारीक अक्षरात, पाटी हातभर. 1970 मध्ये एच-4 हा संकरित कापूस आला, फवारण्या वाढल्या. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, बोंडअळी संपल्याचा गाजावाजा झाला. पुढे गुलाबी बोंडअळी परतली आणि पंपही परतला.

तो पंप कोणाच्या पाठीवर? 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. ज्यांना तेव्हा जमीन मिळाली नाही, त्यांची नातवंडं आज दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारतात. 2017 च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले. हातमोजे, मास्क वापरले नाहीत म्हणून मजुरालाच बोल लावणारेही निघाले. अरे, ज्याला तुम्ही औषध म्हणून हातात दिलं, त्याला तो का भिणार?

दवाखान्यात हा शब्द जिवावर येतो. पेशंट म्हणतो, "जीव घाबरून रायला." मराठी न कळणारा त्याचं 'भीती वाटते' असं भाषांतर करतो. इथं त्याचा अर्थ छाती दाटली, घाम फुटला, श्वास पुरत नाही. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत हेच होतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, आणि अॅट्रोपिन वेळेत द्यावं लागतं. कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणाऱ्याचं बोलणं तर आधी नातेवाइकाच्या तोडक्या मराठीतून येतं, मग डॉक्टरच्या हिंदीत जातं. 'औषध घेतलं' एवढंच कागदावर उतरलं, तर रोजावरची विषबाधा आत्महत्येचा प्रयत्न ठरते. मग मालक सुटला, नुकसानभरपाईचा दावाही लटकला.

म्हणून फवारणीच्या दिवसांत पेशंटसोबत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी 'औषध' या शब्दावर थांबू नये. कोणतं, प्यायचं की मारायचं? पोटात गेलं की अंगावर आलं? कोणाच्या वावरात, किती वाजता? रिकामा डबा सोबत न्या, आणि केसपेपरवर 'फवारणी करताना' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.