प्रवासासाठी ड्रोन: मोठा कॅमेरा घ्यायचा की हलकी बॅग?

ड्रोन घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी मेगापिक्सेल बघतात. फोन घेताना लागलेली सवय, दुसरं काय! पण ड्रोनमध्ये मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार महत्त्वाचा असतो. आणि ड्रोन ट्रेकला किंवा ट्रिपला न्यायचा असेल, तर माझ्या मते त्याच्याही आधी वजन बघावं. बॅग जड होते म्हणून ड्रोन घरीच राहिला, तर त्याचा सेन्सर कितीही मोठा असून काय उपयोग?

उदाहरणासाठी डीजेआयचे दोन ड्रोन घेऊ, कारण त्यांचे आकडे कुणालाही ताडून बघता येतात. मिनी ४ प्रो बॅटरीसकट २४९ ग्रॅमच्या आत बसतो. एअर ३एस ७२४ ग्रॅमचा आहे. पण एकटा ड्रोन कुणी नेत नाही. दोन जादा बॅटऱ्या आणि स्क्रीनवाला रिमोट धरला तर मिनीचा संच सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि एअरचा साधारण १ किलो ६४० ग्रॅम. चार्जर आणि केबल वेगळ्या. एका मोठ्या पाण्याच्या बाटलीइतका हा फरक गाडीच्या डिकीत जाणवत नाही, पण कळसूबाईच्या शिड्या चढताना नक्की जाणवतो.

या जादा वजनातून मिळतं काय?

मिनी ४ प्रोमध्ये १/१.३ इंचाचा सेन्सर आहे, तर एअर ३एसच्या मुख्य कॅमेऱ्यात १ इंचाचा. ही नावं फसवी आहेत, ती प्रत्यक्ष मोजमापं नव्हेत. १ इंची सेन्सर खरं तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर तो मिनीच्या सेन्सरच्या दीडपटीहून थोडा मोठा भरतो. फोटोग्राफीच्या भाषेत हा फरक एका स्टॉपपेक्षाही कमी आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.

भर दुपारी, लख्ख उन्हात काढलेला व्हिडिओ फोनवर बघितला तर कुठला कुठल्या ड्रोनचा हे मला तरी सांगता येत नाही. रील असते १०८० बाय १९२० पिक्सेलची, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल. फोर-के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख असतात. वर अपलोड करताना ॲप व्हिडिओ दाबून आणखी लहान करतं ते वेगळंच. फरक दिसतो तो सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर. दरीतल्या सावलीत लहान सेन्सरचा व्हिडिओ आधी दाणेदार होतो, आणि एडिटिंगमध्ये सावल्या उजळवायला गेलं की रंग फाटतात.

मला विचाराल तर एअर ३एसचं खरं आकर्षण सेन्सर नाहीच, दुसरी लेन्स आहे. मिनीत २४ मिमीची एकच वाइड लेन्स मिळते. त्यात डोंगर लांब आणि बुटके दिसतात, ‘अरे, समोर तर केवढा मोठा होता’ असं वाटतं. एअरमध्ये जोडीला ७० मिमीचा टेलिफोटो कॅमेरा आहे. त्यातून एकामागे एक रांगा अशा जवळ येतात की सह्याद्री सह्याद्रीसारखा दिसतो. ही गोष्ट एडिटिंगमध्ये क्रॉप करून तशीच मिळत नाही.

उभ्या व्हिडिओत मात्र मिनी पुढे आहे. त्याचा कॅमेराच ९० अंशांत वळतो, त्यामुळे पूर्ण सेन्सर वापरला जातो. एअर ३एस आडव्या चित्रातून उभा भाग कापून देतो.

वाऱ्याच्या बाबतीत कागदावर फार अंतर नाही. मिनी सेकंदाला १०.७ मीटर वारा सोसतो, एअर १२ मीटर. पण कड्याच्या टोकावर वारा झटक्यांत येतो आणि हलका ड्रोन जास्त हेलकावतो. परतताना वारा समोरून असेल तर बॅटरी भराभर उतरते, म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा आणि येताना वाऱ्यासोबत या. ३४ आणि ४५ मिनिटं हे कंपनीचे उड्डाणाचे आकडे आदर्श परिस्थितीतले आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

विमानप्रवासात दोन्ही चालतात. लिथियम बॅटऱ्या १०० वॉट-अवरच्या आत असाव्या लागतात. मिनीची सुमारे १९ आणि एअरची सुमारे ६२ वॉट-अवरची आहे. जादा बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही.

२५० ग्रॅमची रेघ

भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला ही सूट फक्त हौशी, म्हणजे बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. मित्राच्या प्री-वेडिंगचे पैसे घेणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या. नोंदणी आणि युनिक ओळख क्रमांक नॅनोलाही लागतो. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा, तिथे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवलेले असतात.

मिनीवर जास्त क्षमतेची ‘प्लस’ बॅटरी लावली की तो या रेघेच्या पलीकडे जातो. नवीन मिनी ५ प्रोमध्ये तर १ इंची सेन्सर आहे आणि वजन २४९.९ ग्रॅम छापलंय. म्हणजे वाद मिटला? पूर्ण नाही. कंपनीनेच त्यात ४ ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात असं सांगितलंय, त्यामुळे हातात आलेला ड्रोन स्वतः वजन करून बघावा. सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम.

‘दुबईहून काका येताना आणतील’ हा बेत मात्र सोडून द्या. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. विमानतळावर कस्टम्सने अडवलं तर पैसेही गेले आणि ड्रोनही.

आणि ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनविभागाची परवानगी लागते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर त्या खात्याची. शिवाय कड्यावरून उडवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: स्क्रीनवरची उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते. हिरव्या भागात सर्वसाधारण मर्यादा जमिनीपासून १२० मीटरची आहे, आणि ड्रोन दरीवर गेला की जमीन केव्हाच खाली गेलेली असते.