सशाचे पोट बिघडल्यास
सशाला उलटी होत नाही. आतड्यांची हालचाल मंदावली की अन्न आणि वायू आतच साचतात. लेंड्या आधी बारीक, कोरड्या होतात, मग थांबतात. ससा अंग आखडून बसतो, दात खातो. (स्वतःच्या मऊ लेंड्या खाणे मात्र आजार नव्हे.) 12 तास खाणे किंवा लेंड्या बंद असतील तर जीव धोक्यात आहे असे समजावे. पोट फुगून ताठ झाल्यास काहीही भरवू नये. घरातले अमॉक्सिसिलिन तर कधीच नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

खालापूर तालुक्यातल्या साजगावसारख्या गावात पशुवैद्यकाकडे येतात त्या बहुधा गाई-म्हशी आणि शेळ्या. सशावर कोण उपचार करते, हे ससा आणतानाच विचारून ठेवावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय खोपोलीहून लोकलने दोन तासांहून लांब पडते.