रेडिओच्या पेटीचा माग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका जुन्या मराठी घराच्या माळ्यावरून खाली आणलेली ती वस्तू रेडिओ आहे, हे आमच्या लक्षात येण्यास थोडा वेळ लागला. पत्र्याचा एक गंजलेला सांगाडा, त्यावर धुळीने माखलेले पाच व्हॉल्व्ह, एक जड ट्रान्सफॉर्मर, तारेला लोंबकळणारा कागदी पडद्याचा स्पीकर आणि अर्धी फुटलेली काच, एवढेच काय ते उरले होते. पेटी नव्हती. एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली, म्हणून घरच्यांनी तिची होळी केली. सांगाडा मात्र 'आत तांब्याची तार आहे' या विचाराने ठेवला. जुन्या यंत्रांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. धातू आणि काच टिकते, लाकूड जाते. पुढच्या पिढीच्या हाती पडते ते यंत्र, पण घरातील माणसे चाळीस वर्षे जिच्याकडे पाहत बसली ती वस्तू नव्हे.

पेटी नव्याने करावयाची असे आम्ही ठरविले, तेव्हा आमची समजूत अशी होती की हे काम सुताराचे आहे. प्रत्यक्षात ते निम्मे इतिहासकाराचे निघाले. जी वस्तू नाही तिचे माप कोठून घ्यावयाचे?

पण त्याआधी थोडे पेटीविषयी. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळचे संच प्रयोगशाळेतील उपकरणांसारखे दिसत. बॅटऱ्या बाहेर, कर्णा बाहेर, समोर नुसत्या फिरत्या तबकड्या. दिवाणखान्यात ठेवण्याजोगी ती वस्तू नव्हती. स्पीकर, व्हॉल्व्ह आणि वीजपुरवठा हे सारे एकाच खोक्यात बसू लागले तेव्हा रेडिओ हे घरातील सामान झाले, आणि सामानाला घाट लागतो. इंग्लंडमध्ये मर्फी कंपनीने १९३० नंतर आपल्या पेट्यांचे काम आर. डी. रसेल या फर्निचरच्या जाणकाराकडे सोपविले. नक्षी आणि कोरीव खांब काढून टाकून त्याने अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याची रेषा आणि पेटीचे प्रमाण यांवरच सौंदर्य तोलले. दुसऱ्या बाजूला एको कंपनीसाठी वेल्स कोट्स या वास्तुशिल्पज्ञाने १९३४ साली बॅकेलाइटचा गोल संच केला आणि लाकडाला निरोपच दिला. आपल्याकडे मात्र लाकडाचा मान पुढेही बराच काळ टिकला. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेले मर्फीचे संच ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या चकाकणाऱ्या तपकिरी पेट्या आठवतील. देवघराखालोखाल घरातील मानाची जागा त्यांचीच असे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत या पेटीला आणखी एक अर्थ होता. शहराला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९६४ साली. तोवर जवळच्या केंद्रांपैकी एक म्हणजे दिल्ली, सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आत. ग्वाल्हेर घराण्याची गायकी, म्हणजे पंडित कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे, ग्वाल्हेरच्याच घरांत दिल्लीला वळसा घालून येई, हा एक गमतीचा भाग. मराठी शब्द ऐकावयाचा तर मुंबईकडे कान लावावा लागे आणि मुंबई येथून साडेनऊशे किलोमीटरांच्या आसपास आहे. मध्यम लहरी दिवसा एवढ्या दूर पोहोचत नाहीत. वातावरणाचा वरचा एक थर उन्हाने विद्युत्भारित होऊन त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याहून उंचावरील थरांवरून परतलेल्या लहरी दूरवर जातात. म्हणून मुंबई यायची ती दिवेलागणीनंतर, तीही कधी स्वच्छ, कधी लाटेसारखी चढत-उतरत. संचाच्या काचेवर लिहिलेल्या शहरांच्या नावांत 'मुंबई' या अक्षरांशी काटा नेऊन थांबणे हा या घरांतील रोजचा विधी होता. फुटलेल्या काचेच्या उरलेल्या अर्ध्या भागात ती अक्षरे शाबूत सापडली, याचा आनंद आम्हांस थोडा अधिकच झाला, हे कबूल केले पाहिजे.

आता माग काढण्याविषयी. काचेवरील कंपनीचे नाव फुटलेल्या भागाबरोबर गेले होते. तेव्हा काळ ठरविण्यास व्हॉल्व्ह उपयोगी पडले. त्यांपैकी एक ईएल ८४ होता, आणि हा व्हॉल्व्ह १९५३ साली बाजारात आला. व्हॉल्व्ह बदलता येतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच्या खालचे नऊ छिद्रांचे बैठकीचे भोक कारखान्यातच पत्र्यात पाडलेले होते आणि जुन्या आठ पायांच्या व्हॉल्व्हला ते चालत नाही. म्हणजे संच १९५३ पूर्वीचा नव्हे. दुसरी मर्यादा एका छायाचित्राने दिली. घरातील एका लग्नाच्या चित्रात नवरानवरीच्या मागे फळीवर हाच रेडिओ जवळजवळ समोरून दिसतो, आणि चित्राच्या पाठीवर १९५८ साल लिहिलेले आहे.

त्याच चित्राने पेटीचा घाट दिला. खांदे गोलाकार, स्पीकरच्या कापडावर तीन आडव्या पट्ट्या, खाली चार बटणे. सांगाड्यावर टोकाच्या दोन बटणांच्या दांड्यांमधील अंतर तीस सेंटिमीटर भरले. चित्रात तेच अंतर अठरा मिलिमीटर, आणि पेटीची रुंदी तेहेतीस. त्रैराशिकाने पेटी पंचावन्न सेंटिमीटर रुंद ठरली. उंची याच रीतीने पस्तीस आली. खोली मात्र समोरून घेतलेल्या चित्रातून कळत नाही. सांगाडा म्हणतो, यापेक्षा कमी नको. किती अधिक, ते तो सांगत नाही.

हे कोडे सोडविले ते घरातील वृद्ध काकूंनी. आमची मोजमापे दोन दिवस पाहिल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मग त्याचा अभ्राच का नाही मोजत?" ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, सासूबाईंनी क्रोशाने विणलेला रेडिओचा अभ्रा घडी करून ठेवलेला होता. त्याचा माथा रुंदीला साडेत्रेपन्न सेंटिमीटर, खोलीला साडेचोवीस. सूत धुण्याने आटते. चित्रावरून आलेली रुंदी खरी मानली तर अभ्रा शंभरात पावणेतीन भागांनी आटला होता, आणि तेवढेच खोलीत मिळविले की पंचवीस सेंटिमीटरांहून थोडे अधिक येते. दोन्ही दिशांना सूत सारखेच आटते असे धरणे पूर्णतः बरोबर नाही, पण दुसरा साक्षीदार नव्हता. कंपनीच्या कागदांत नसलेले माप एका स्त्रीच्या हातकामात शिल्लक राहिले होते.

सुताराकडे गेलो तेव्हा पहिला मतभेद लाकडावर झाला. मिस्त्री जाणते होते. त्यांचे म्हणणे, भरीव सागवान घ्या, नातवंडांपर्यंत टिकेल. परंतु मूळ पेटी तशी नव्हती. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवेउभे चिकटवून, साच्यात दाबून तिचे खांदे वळविलेले असत. भरीव फळीतून असा खांदा कोरला तर रेषा मध्येच तुटते आणि कारागिराची लबाडी लांबून दिसते. शेवटी मिस्त्रींनी रद्दी लाकडाचा साचा केला, तीन पातळ थर गुण्याने तपासत त्यावर ताणले आणि रात्रभर दाबून ठेवले. बाहेरचा पापुद्रा अक्रोडाचाच घेतला.

डिंकासाठी आम्ही सरसाचा आग्रह धरला. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. तो पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर पातळ करावा लागतो, आणि त्याचा वास कोणासही आवडत नाही. पण ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा सुटतो. उद्या कोणास आमची चूक दुरुस्त करावीशी वाटली तर पेटी न फोडता ती उकलता यावी, हा हेतू. तंतुवाद्ये दुरुस्त करणारे आजही याच कारणाने त्याला धरून आहेत. हाच गुण त्याचा दोषही आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, मागोमाग पावसाळा येतो, आणि सरसाने चिकटविलेले पापुद्रे याच चक्रात सुटतात. वर वाळवी. हा धोका आम्ही जाणून पत्करला. मिस्त्रींना तो आजही पटलेला नाही.

झिलई चपडा लाखेची केली. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्यात बांधलेल्या कापसाच्या पुरचुंडीने ती हलक्या हाताने फिरवायची, वाळू द्यायची, पुन्हा फिरवायची. या कामी आठ दिवस गेले. ही लाख छोटा नागपूर आणि छत्तीसगडच्या रानांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडे तयार करतात. एके काळी ती जहाजाने विलायतेला जाई आणि तेथील सामानावर चढून, आयात मालाच्या रूपाने चकाकत परत येई. जुन्या तबकड्या, ज्यांवर गाणी ऐकली जात, त्याही लाखेच्याच.

पेटीत बसविण्यापूर्वी सांगाडा टेबलावर ठेवून, दुरुस्त करून, चालवून पाहिला होता. आवाज आला, पण चिरका, पोकळ. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. दोहोंमध्ये आड काही नसेल तर खर्जाचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात. पेटीच्या दर्शनी फळीचे काम हे आड येण्याचे आहे. पेटीत बसविल्यावर त्याच रात्री दिल्लीकडील एका केंद्रावर तंबोरा लागला आणि खर्जाची तार खोलीत उभी राहिली. पेटीला आवरण म्हणणे चुकीचे आहे, ती वाद्याचा भोपळा आहे, हे त्या क्षणी कानांनी समजले. आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले आहेत. त्यामुळे काटा फिरविताना पूर्वी गजबजलेल्या जागी आता नुसती खरखर लागते. ती खरखरही मात्र आता भरदार आहे.

एक प्रश्न उरला. काम पाहावयास आलेल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सुचविले, कडा साखळीने थोड्या ठोकून घ्या, चहाचे पाणी फिरवा, आतून काजळी लावा. म्हणजे कोणी नवी म्हणणार नाही. बाजारात असे पुष्कळ चालते, आणि अशा पेटीला किंमतही मूळची मिळते. आम्हांस ते करवले नाही. रुंदी छायाचित्राच्या आधारे, खोली अभ्र्याच्या, पण मागच्या झाकणाची छिद्रे तर निव्वळ आमच्या अंदाजाची. उद्याच्या अभ्यासकाने या छिद्रांना पुरावा मानले तर दोष कोणाचा? म्हणून मिस्त्रींना विनंती केली की आतल्या बाजूस आपले नाव आणि साल कोरावे. ते प्रथम संकोचले. आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाने त्यांना नाव घालावयास सांगितले नव्हते. मग पटाशीने त्यांनी नाव कोरले, आणि त्याखाली आम्ही कोणते माप कोठून घेतले ते पेन्सिलीने लिहिले.

काकूंनी अभ्रा आणून पेटीवर घातला. मागच्या बाजूस पेटी किंचित उघडी राहिली. त्यांनी तो थोडा मागे ओढला, तेव्हा पुढून तेवढीच दिसू लागली. मग त्यांनी तो पुन्हा पुढे सरकविला आणि दिवाणखान्यात बातम्यांची वेळ झाली का, ते विचारले.